मधली डबी उघडत का नाही? अणू-प्रतिकृती संचाचे माहितीपत्रक

आमचा संच घेतलेल्या पालकांची एक तक्रार हमखास येते: मधली डबी उघडत नाही, झाकण चिकटले आहे. ते आम्हीच चिकटवले आहे. डबी म्हणजे अणूचे केंद्रक आणि कड्यांवरचे निळे मणी म्हणजे इलेक्ट्रॉन. मणी हवे तसे काढा, घाला. डबी मात्र बंदच राहू द्या, कारण गृहपाठातल्या कोणत्याही रासायनिक अभिक्रियेत केंद्रक बदलत नाही. आयन म्हणजे प्रभार असलेला अणू. आयनांच्या प्रश्नात मुलांचे गाडे बहुतेक वेळा इथेच अडते. धन आयन म्हटले की ती एक प्रोटॉन वाढवून मोकळी होतात.

अणूचा आयन होतो कसा?

डबीवर ११ लिहिलेली सोडियमची तबकडी घ्या. आत ११ प्रोटॉन, बाहेर ११ मणी: पहिल्या कड्यावर २, दुसऱ्यावर ८, तिसऱ्यावर १. प्रोटॉनवरचा धन प्रभार आणि इलेक्ट्रॉनवरचा ऋण प्रभार परिमाणाने सारखे, त्यामुळे अणू एकूण उदासीन. आता तिसऱ्या कड्यावरचा तो एकटा मणी काढा. धन ११, ऋण १०. एक धन प्रभार शिल्लक राहिला, म्हणजे सोडियमचा धन आयन झाला.

वजाबाकी केली आणि चिन्ह अधिक आले, हे मुलांना खटकते. खटकू द्या. जे गेले तेच ऋण होते, हे एकदा मणी हातात धरून कळले की पुढे पाठांतराची गरज राहत नाही.

क्लोरीनचे उलट. डबीवर १७, मण्यांची मांडणी २, ८, ७. बाहेरच्या कड्यावर एक मणी घातला की इलेक्ट्रॉन १८ होतात आणि एक ऋण प्रभार येतो. या ऋण आयनाला क्लोराइड म्हणतात.

सोडियमकडे १० इलेक्ट्रॉन उरले, मग तो निऑन झाला का?

नाही. दोघांचे इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे कड्यांवरची मण्यांची मांडणी, सारखे झाले, एवढेच. निऑनच्या डबीवर १० असतात, इथे अजूनही ११ आहेत, आणि मूलद्रव्य कोणते हे प्रोटॉनच्या संख्येवरून ठरते. वस्तुमानही जवळपास तेच राहते, कारण इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या सुमारे १,८३६ पट हलका असतो. आकार मात्र बराच बदलतो आणि आमच्या लाकडी तबकडीत तो दाखवता येत नाही. सोडियम अणूची त्रिज्या सुमारे १८६ पिकोमीटर, आयनाची सुमारे १०२. अख्खे बाहेरचे कवचच, म्हणजे आपले तिसरे कडेच, गेले. क्लोरीनची त्रिज्या उलट ९९ वरून सुमारे १८१ वर जाते.

पण सोडियम इलेक्ट्रॉन देतोच कशाला?

‘अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण व्हावे म्हणून’ असे उत्तर वहीत लिहिले जाते. त्यावर गुणही मिळतात. आमच्या मते ते कारण नव्हे; काय घडते याचे ते फक्त वर्णन आहे. अणूला कसलीही इच्छा नसते. खरे उत्तर ऊर्जेच्या हिशेबात आहे.

एक मोल (अणू मोजायची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या) सुट्या सोडियम अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४९६ किलोज्यूल खर्च होतात. एक मोल सुट्या क्लोरीन अणूंनी ते इलेक्ट्रॉन घेतले की सुमारे ३४९ परत मिळतात. म्हणजे नुसती देवाणघेवाण पाहिली तर व्यवहार १४७ किलोज्यूलने तोट्यात! त्याआधी सोडियम धातूतले अणू सुटे करायला आणि क्लोरीनचे रेणू तोडायला आणखी सुमारे २२८ लागतात. हा सगळा खर्च एका टप्प्यात भरून निघतो: विरुद्ध प्रभारांचे आयन एकमेकांना ओढून स्फटिकात रचले जातात तेव्हा मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. सारी वजावट करून चारशेच्या वर उरतात. म्हणून मीठ तयार होते.

मग सोडियम दोन इलेक्ट्रॉन का देत नाही? दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या कवचातला असतो आणि त्याला सुमारे ४,५६२ किलोज्यूल लागतात. एवढे भरून काढणारे काहीच नाही. मॅग्नेशियमचे आकडे पाहा: पहिल्याला ७३८, दुसऱ्याला १,४५१, तिसऱ्याला एकदम ७,७३३. मॅग्नेशियमवर दोनच धन प्रभार का, हे या उडीवरून कळते.

सूत्र लिहिताना

एकूण प्रभार शून्य झाला पाहिजे, नियम एवढाच. ॲल्युमिनियमवर ३ धन आणि ऑक्साइडवर (ऑक्सिजनच्या आयनावर) २ ऋण, म्हणून दोन ॲल्युमिनियमला तीन ऑक्साइड: सहा धन, सहा ऋण. मॅग्नेशियम आणि ऑक्साइडवर २-२ प्रभार आहेत, तिथे सर्वांत साधे गुणोत्तर घ्यायचे, एकास एक. दोनास दोन लिहिले तर ते चूक.

मिठाचा रेणू कसा दाखवायचा?

दाखवू नका. मिठाच्या स्फटिकात सुटे रेणू नसतात. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, अशी रचना सर्व दिशांना चालू राहते. सूत्र फक्त गुणोत्तर सांगते.

घन मिठातून वीज जात नाही, कारण आयन जागेवर जखडलेले असतात. ते ८०१ अंश सेल्सिअसला वितळवले किंवा पाण्यात विरघळवले की आयन मोकळे होतात आणि वीज वाहू लागते. इथे एक चूक वारंवार दिसते: वीज सोडल्यामुळे आयन तयार होतात, असे लिहिले जाते. विरघळताच ते सुटे होतात, वीज नंतरची. स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८४ मध्ये आपल्या प्रबंधात हा विचार मांडला तेव्हा परीक्षकांना तो फारसा रुचला नव्हता; १९०३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले.

संचात लोह आणि तांबे का नाहीत?

कारण कड्यांची प्रतिकृती तिथे अपुरी पडते. लोहाची मांडणी २, ८, १४, २. बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन गेले की २ धन प्रभाराचा आयन होतो, इथवर ठीक. पण ३ धन प्रभारासाठी तिसरा इलेक्ट्रॉन आतल्या, १४ वाल्या कवचातून निघतो आणि तिथे १३ उरतात. अष्टक वगैरे कुठेच नाही. तांब्याच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असून त्याचे १ आणि २ धन प्रभाराचे असे दोन्ही आयन आढळतात. अशा मूलद्रव्यांसाठी मणी बाजूला ठेवा आणि पुस्तकातला उपकवचांचा (कवचाच्या आतल्या भागांचा) तक्ता उघडा.