माईक गेन आणि पॉवर: दोन नॉबची गल्लत

सकाळी चाळीस मीटरवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, बोलताना पलीकडून "सिग्नल बारीक आहे" असं आलं की नव्या हॅमचा (हौशी रेडिओवाल्याचा) हात हमखास माईक गेनकडे, म्हणजे माईकचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या नॉबकडे जातो. वाढवायची असते पॉवर, वाढतो गेन.

आरएफ पॉवरचा नॉब फक्त कमाल मर्यादा ठरवतो: रिगमधून (रेडिओ संचातून) जास्तीत जास्त किती वॅट बाहेर पडू द्यायचे. त्या मर्यादेपर्यंत तुमचा आवाज पोचतो की नाही, ते माईक गेन ठरवतो. एसएसबीमध्ये (या पट्ट्यावर बोलण्याची नेहमीची पद्धत) तुम्ही गप्प बसलात तर पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण, दाबूनही अँटेनाकडे जवळपास काहीच जात नाही. त्यामुळे १०० वॅटवर ठेवलेल्या रिगच्या पॉवर मीटरचा काटा बोलताना तीस-चाळीसच्या आसपास नाचतो. घोटाळा इथेच होतो. साधा मीटर सरासरी दाखवतो, आवाजाची शिखरं मात्र तेव्हाच १०० ला टेकलेली असतात. काटा पुढे सरकावा म्हणून गेन वाढवणं म्हणजे चरकात मावेल त्यापेक्षा जास्त ऊस कोंबणं.

गेन फार झाला की एएलसी (पॉवर मर्यादेत ठेवणारी रिगमधली आपोआप चालणारी व्यवस्था) सतत मागे खेचत राहते, आवाजाची शिखरं चपटी होतात आणि सिग्नल आपल्या अडीच किलोहर्ट्झच्या जागेबाहेर सांडतो. यालाच स्प्लॅटर म्हणतात. आपल्याकडे ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ एवढाच पट्टा; त्यात शेजारी बोलणाऱ्यांचं संभाषण आपण नासवतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. शिवाय दोन शब्दांमधल्या शांततेत खोलीतला पंखा आणि शेजारच्या घरातला टीव्हीसुद्धा हवेवर जातो. नेहमीच्या आवाजात बोला, आणि एएलसीचा काटा शिखरांवरच हलेल, खुणेच्या पट्ट्यातच राहील, इतकाच गेन ठेवा.

पॉवरचं गणित वेगळं, आणि तेही बऱ्याच जणांना निराश करणारं. ५० चे १०० वॅट केले तर ३ डेसिबल मिळतात, म्हणजे समोरच्याच्या एस मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर) जेमतेम अर्धं घर. पूर्ण एक घर चढायला पॉवर चौपट लागते. उलट बाजूने हेच उपयोगी पडतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं, अनेक भागांत वीज गेली. अशा वेळी रिग गाडीच्या बॅटरीवर चालवावा लागतो, आणि १०० वॅटचा रिग पूर्ण पॉवरवर वीसेक अँपिअर ओढतो. २५ वॅटवर आणला तर समोरच्याचा काटा एकच घर उतरतो, बॅटरी मात्र बरीच जास्त टिकते. गेन कमी करून ही बचत साधू नका. समोरच्याला तुमचं बोलणं नीट लागणार नाही.

एफएमवर सगळंच बदलतं. तिथे गप्प असलात तरी पूर्ण पॉवर बाहेर पडते, आणि माईक गेन डेव्हिएशन (आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सी किती हलते ते) वाढवतो, वॅट नाही. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या आडोशाला हँडी (हातातला छोटा संच) घेऊन उभं राहिलात तर दोन्हींचा फारसा उपयोग नाही. जागा बदला, नाहीतर रिपीटर (सिग्नल घेऊन पुन्हा पुढे पाठवणारं केंद्र) गाठा.

गेन बरोबर बसलाय का, हे मिरजेतल्या एखाद्या हॅमला विचारा. त्याला रिसीव्हर तुमच्यापासून चार-पाच किलोहर्ट्झ बाजूला लावायला सांगा. तिथेही तुमच्या बोलण्याचे फटकारे ऐकू येत असतील, तर गेन अजून खाली घ्यायचाय.