खांद्याच्या अस्थिरतेचे वर्गीकरण : पार्श्वभूमी

विदर्भातल्या तालुक्याच्या ठिकाणी अस्थिरोगतज्ज्ञाकडे येणाऱ्या केसपेपरवर पुष्कळदा ‘खांदा वारंवार उतरतो’ एवढीच नोंद असते. कबड्डीच्या चढाईत पकड बसून हात मागे ओढला गेलेला गडी, कृषिपंपाच्या स्टार्टरचा झटका बसलेला शेतकरी आणि मुळातच सगळे सांधे सैल असलेली शाळकरी मुलगी, या तिघांवरही हीच नोंद होऊ शकते. या तिघांना एकाच गटात का टाकू नये, हे ठरवताना वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला.

जुना काळ थोडक्यात आटोपता येतो. 1923 आणि 1938 मध्ये लंडनच्या एका शल्यविशारदाने लॅब्रम (खांद्याच्या खोबणीच्या कडेची कूर्चेसारखी कड) पुढच्या बाजूने सुटणे हीच मूळ इजा असल्याचे मांडले, तर 1940 मध्ये दंडाच्या हाडाच्या गोलाला मागून पडणाऱ्या खाचेचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यानंतर कित्येक वर्षे खांदा उतरणे म्हणजे मार लागून पुढे उतरणे असेच गृहीत धरले जाई आणि वर्गीकरणाची गरज फारशी कोणाला भासत नसे.

1980 मध्ये अमेरिकेतून 36 रुग्णांच्या 40 खांद्यांवरील शस्त्रक्रियांचा अहवाल आला आणि ‘बहुदिशात्मक अस्थिरता’ हा प्रकार रूढ झाला. खांदा पुढे, मागे आणि खाली असा सगळीकडे सरकत असताना फक्त पुढची बाजू घट्ट केली, तर तो दुसऱ्या बाजूने निसटतो, हा त्यातला इशारा अगदी रास्त होता. पण एखाद्या खांद्याला बहुदिशात्मक नेमके कधी म्हणायचे, याची मोजपट्टी प्रत्येक अभ्यासकाने आपापली वापरली. कोणी रुग्णाची तक्रार धरली, तर कोणी तपासणीत हात खाली ओढल्यावर खांद्याच्या टोकाखाली पडणारी खळगी धरली. ही खळगी कसलाही त्रास नसलेल्या तरुण मुलामुलींतही सहज आढळते. सांधा सैल असणे हा शरीराचा गुणधर्म आहे, तो निसटतो म्हणून त्रास होणे हा आजार आहे. या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्याने एका अभ्यासातले रुग्ण दुसऱ्या अभ्यासातल्या रुग्णांशी ताडून पाहणेच अवघड झाले.

1989 मध्ये आलेल्या ‘टब्स’ आणि ‘ॲम्ब्री’ या लघुनामांनी हा गुंता सोडवण्याऐवजी झाकला, असे म्हणावेसे वाटते. ‘टब्स’ म्हणजे मार लागून एका दिशेला उतरणारा, लॅब्रम सुटलेला खांदा, तो शस्त्रक्रियेकडे. ‘ॲम्ब्री’ म्हणजे मार न लागता अनेक दिशांना सरकणारे दोन्ही खांदे, ते आधी व्यायामाकडे. परीक्षेला पाठ करायला ही जोडी उत्तम आहे. मात्र मुळात सैल सांध्यांच्या कबड्डीपटूला खरोखरच मार लागला, तर त्याला कोणत्या बाजूला बसवायचे, याचे उत्तर तीत नाही. 2002 च्या एका वर्गीकरणाने ही उणीव ओळखली आणि सर्वसाधारण सैलपणा आहे की नाही, हा प्रश्न दिशेच्या प्रश्नापासून वेगळा काढला.

2004 मध्ये लंडनमधल्या स्टॅनमोर येथून त्रिकोणाची मांडणी आली. मार लागून झालेला रचनादोष, मार न लागता आलेला रचनादोष आणि स्नायूंचा चुकीचा ताळमेळ ही तिची तीन टोके होत. रुग्ण दोन टोकांच्या मधेही असू शकतो आणि काळानुसार जागा बदलू शकतो, हे तिने मान्य केले. तिसऱ्या टोकाचे मोल विशेष आहे, कारण त्याआधी असे रुग्ण ‘मुद्दाम खांदा उतरवतात’ या शेऱ्याखाली जात आणि त्यांच्या मानसिक स्थितीवरच बोट ठेवले जाई.

2010 मध्ये मांडलेल्या ‘फेड्स’ पद्धतीने सर्वांत वादग्रस्त निर्णय घेतला : बहुदिशात्मक हा गटच तिने ठेवला नाही. वारंवारता, कारण, दिशा आणि तीव्रता एवढेच चार निकष तिने ठेवले; त्यांच्याच इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. वर्षातून एकदाच, दोन ते पाच वेळा की पाचाहून अधिक. मार लागून की त्याविना. मुख्यतः पुढे, खाली की मागे. आणि खांदा बसवायला कधी दुसऱ्याची मदत लागली का. अनेक दिशांना निसटणाऱ्या रुग्णालाही सर्वाधिक त्रासाची एक दिशा निवडावी लागते, ही सक्ती अनेक तज्ज्ञांना खटकते आणि त्यांचा आक्षेप पोकळ नाही. तरीही जिथे एमआरआयसाठी नागपूर किंवा अमरावती गाठावी लागते, तिथे निव्वळ विचारपूस आणि हाताने तपासणी यांवर चालणारी पद्धतच उपयोगी पडते. फक्त तीव्रतेचा प्रश्न इथे नीट विचारावा लागतो. मैदानावर सवंगड्याने किंवा गावातल्या हाडवैद्याने खांदा बसवून दिला असेल, तर रुग्ण त्याला उपचार समजत नाही आणि ‘मदत लागली नाही’ असे सांगून मोकळा होतो. त्या वेळचा एक्स-रेही अर्थातच नसतो.

मागच्या दिशेची अस्थिरता या साऱ्या इतिहासात दुर्लक्षितच राहिली. केवळ तिच्यासाठीचे, अ-ब-क अशा गटांचे वर्गीकरण 2017 मध्ये पुढे आले. विजेचा झटका किंवा मिरगीचा झटका आल्यावर खांदा मागे उतरू शकतो आणि नुसत्या समोरून काढलेल्या एक्स-रेवर तो जागेवर असल्यासारखा भासतो. पंपाचा शॉक बसल्यानंतर हात बाहेरच्या बाजूला वळत नसेल, तर काखेतून घेतलेला एक्स-रे मागवल्याशिवाय अशा रुग्णाला कोणत्याही वर्गात बसवता येत नाही.