दोन खुंट्या आणि एक दोरी

दिंडोरी तालुक्यात माझ्या मावसभावाने यंदा जानेवारीत द्राक्षाची नवी बाग लावायला घेतली. आखणीच्या दिवशी सहावीतल्या लेकीला घेऊन मी शेतावर गेलो. आदल्या रात्री तिने मला एका प्रश्नावर गाठलं होतं : "बाबा, बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही. मग उरतं काय?" मी काहीतरी पुटपुटलो आणि झोप आल्याचं निमित्त केलं.

आखणीचं काम अण्णांकडे होतं. सत्तरीच्या पुढचा माणूस, उभं आयुष्य बागा आखण्यात गेलेलं. त्यांनी बांधाजवळ एक लोखंडी खुंटी ठोकली आणि म्हणाले, "इथनं सुरू." खुंटी अंगठ्याएवढी जाड, पण टेपचा शून्य त्यांनी धरला तो तिच्या डोक्यावर खिळ्याने पाडलेल्या खुणेवर. खूण तरी किती मोठी? बाजरीच्या दाण्याएवढी. तिच्याही मधोमध धरायचं म्हटलं तर आणखी बारीक खूण लागेल, आणि हे कुठे थांबणारच नाही. ते सगळं सोडून देऊन आपण नुसतं 'इथे' म्हणतो, तो बिंदू. लांबी-रुंदी काढून टाकल्यावर उरते ती जागा. पेन्सिलीचा ठिपका हा बिंदू नव्हे, बिंदू कुठे आहे हे सांगणारी ती खूण.

दुसरी खुंटी शेताच्या पलीकडच्या टोकाला गेली आणि दोन्हींमध्ये सुतळी ताणली. भूमितीतलं पहिलं ठाम विधान इथेच भेटतं : दोन वेगवेगळ्या बिंदूंमधून एक आणि एकच रेषा जाते. एका खुंटीभोवती सुतळी हवी तशी फिरवा, दुसरी ठोकली की ती अडकली. पुस्तकातली रेषा मात्र खुंट्यांपाशी थांबत नाही. ती दोन्हीकडे बेमुदत पुढे जाते, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बाण काढतात. खुंटी ते खुंटी एवढाच तुकडा घेतला तर तो रेषाखंड, आणि एका टोकाला सुरू होऊन दुसरीकडे न थांबणारा तो किरण. परीक्षेत मुलं इथे गुण घालवतात, पण गोष्ट एवढीच आहे.

अण्णांचा सुतळीवरही पुरता विश्वास नव्हता. लांब अंतरावर ती मध्ये झोल खाते, वाऱ्याने हलते. मधल्या खुंट्या ठोकून झाल्यावर ते पहिलीमागे उकिडवे बसले आणि एक डोळा मिटून बघू लागले. लेकीलाही बसवलं. "पुढच्या खुंटीमागं बाकीच्या लपल्या पाहिजेत. एखादी डोकावली, की ती चुकली." एकरेषीय, म्हणजे एकाच रेषेत असलेल्या, बिंदूंची याहून चांगली व्याख्या मला शिकवता आली नसती. प्रकाश सरळ येतो, म्हणून नजर ही झोल न पडणारी दोरी.

दोरीशी भूमितीचं नातं जुनंच. यज्ञवेदी मापण्याच्या नियमांना शुल्बसूत्रं म्हणतात, आणि शुल्ब म्हणजे दोरी. बौधायनाच्या शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाचा नियम (शाळेत शिकतो ते पायथागोरसचं प्रमेय) आहे, शिवाय तो ज्यांत दिसतो अशा बाजूंच्या जोड्याही : ३ आणि ४, १२ आणि ५, १५ आणि ८. अण्णांना यातली पहिली जोडी पुरते : ३ आणि ४ बाजू असतील तर कर्ण ५, आणि शेतावर सगळं दसपट. कोपऱ्यापासून एका ओळीवर ४० फुटांवर खूण, आडव्या दिशेला अंदाजे ३० फुटांची दोरी, आणि ४० च्या खुणेवरून ५० फुटांची तिरपी. दोन्ही दोऱ्यांची टोकं जुळली की कोपरा गुण्यात आला, म्हणजे काटकोन झाला. तिरपी दोरी चुकून ५० फूट ६ इंच भरली तर? कोन सव्वा अंशाच्या आसपास बिघडतो. कोपऱ्यावर ते दिसतही नाही, पण ३०० फुटांवर ओळ सहा फुटांहून जास्त सरकलेली असते. द्राक्षाची ओळ तेवढी सरकली तर ट्रॅक्टर कुठून घालणार?

आता लेकीच्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर. सुमारे २३०० वर्षांपूर्वी युक्लिड या ग्रीक गणितज्ञाने लिहिलं, ज्याला भाग नाहीत तो बिंदू. रुंदी नसलेली लांबी म्हणजे रेषा. मग 'भाग' म्हणजे काय, 'लांबी' म्हणजे काय? शब्दकोशात एका शब्दासाठी दुसरा बघावा आणि फिरून पहिल्यापाशीच यावं, तशी गत. डेव्हिड हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाने १८९९ मध्ये हा नाद सोडला. बिंदू, रेषा आणि प्रतल (सगळीकडे बेमुदत पसरलेला सपाट पृष्ठभाग) यांची व्याख्याच करायची नाही. ते एकमेकांशी कसे वागतात तेवढे नियम सांगायचे. बिंदू, रेषा, प्रतल यांच्या जागी टेबलं, खुर्च्या आणि बिअरचे मग म्हटलं तरी चाललं पाहिजे, असं तो म्हणाल्याची आठवण सांगतात. बुद्धिबळातला घोडा लाकडाचा की प्लास्टिकचा हे कोणी विचारत नाही, अडीच घरं चालतो म्हणजे झालं.

प्रतल समजलं ते चहाच्या वेळी. झाडाखालचं चार पायांचं टेबल डुगडुगत होतं, आणि शेजारी तीन पायांचा स्टूल त्याच ओबडधोबड जमिनीवर गप्प उभा. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंमधून एकच प्रतल जातं, त्यामुळे तीन पायांत भांडण होत नाही. चौथा पाय त्या प्रतलात असेलच असं नाही. मोजणीवाल्यांची दुर्बीण तीन पायांवर असते ती याचसाठी. भावाने टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, म्हणजे चौथा बिंदू प्रतलात आणला.

दुपारपर्यंत उभ्या ओळी ९ फुटांवर आणि आडव्या ५ फुटांवर फक्कीने आखून होत आल्या. दोन रेषा छेदल्या तर एकाच बिंदूत छेदतात. तो प्रत्येक छेद म्हणजे एका रोपाची जागा. ९ गुणिले ५ म्हणजे ४५ चौरस फूट, एकरात ४३,५६०, म्हणून ९६८ रोपं.

ओळी दक्षिणोत्तर होत्या. लेकीने विचारलं, "या कधीच मिळणार नाहीत ना?" कागदावर नाही. पण पृथ्वी गोल आहे. दोन्ही ओळी तंतोतंत उत्तरेकडे धरून नेत राहिलो तर त्या उत्तर ध्रुवावर एकमेकींना भेटतील. नाशिकच्या २० अंश अक्षांशावर ९ फुटांचं अंतर पहिल्या किलोमीटरभरात जेमतेम मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाएवढं कमी होतं. मी हे अण्णांना सांगितलं. त्यांनी सुतळी गुंडाळता गुंडाळता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग बांधापर्यंत तर पुरतंय की." आणि फक्कीची पाटी उचलून ते पुढच्या ओळीकडे गेले.