विकतची हरळी

लॉनचे कार्पेट, म्हणजे मातीसकट कापलेले गवताचे तुकडे, घेऊन टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा माझी कऱ्हाडकडची आत्या आमच्याकडे मुक्कामाला होती. चहाचा कप हातात धरून ती बाहेर आली, एक तुकडा उचलला, उलटा करून खालून पाहिला आणि म्हणाली, "पैसं देऊन हरळी आणलीस व्हय रं?"

तिचा जन्म उसाच्या रानात हरळीशी भांडण्यात गेलेला. नांगरट करायची, काशा वेचायच्या, बांधावर वाळत घालायच्या, जाळायच्या. आणि पुढच्या पावसाला त्याच बांधावरून ती परत आत येणार.

आत्या चुकत नव्हती. नर्सरीवाले ज्याला बर्म्युडा म्हणतात ते गवत म्हणजे हरळीच, किंवा तिच्यापासून संकराने काढलेला नाजूक पात्याचा वाण. सायनोडॉन डॅक्टिलॉन हे तिचे शास्त्रीय नाव. गणपतीला वाहतो ती दूर्वाही हीच. ('मेक्सिकन लॉन' नावाने विकतात ते वेगळे. ते बहुतेक वेळा झॉयशिया असते आणि त्याचा मेक्सिकोशी काही संबंध नाही. त्याचे मूळ आशियात आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजूला.)

गंमत पुढेच आहे. कुळवाने, खुरप्याने, तणनाशकाने न हटणारी ही हरळी माझ्या अंगणात पंधरा दिवसांत निम्मी मेली. बरोबर निम्मी. कुंपणाकडची बाजू हिरवीगार आणि पोर्चकडची पिवळी, मधे आखल्यासारखी रेघ. गवत एकच, टेम्पो एकच, नळी एकच, पाणी घालणारा मीही एकच.

आधी हे पाहू की शेतातली हरळी जगते कशावर. काशांवर. काशी म्हणजे मूळ नव्हे, जमिनीखाली आडवे धावणारे खोड. त्याला उसासारखीच पेरे असतात, पेरावर डोळा असतो आणि पोटात पिठूळ साठा असतो. ऊस आणि हरळी एकाच गवतकुळातले, त्यामुळे टिपरी लावल्यावर डोळ्याशेजारून मुळ्या फुटताना ज्याने पाहिल्या आहेत त्याला हे वेगळे सांगायला नको. वरची पाती गुरांनी खाल्ली, उन्हाने करपली, तरी खालच्या साठ्यावर नवा कोंब येतो.

आता कार्पेट कसे निघते ते पाहा. वाफ्यात दाट वाढलेल्या गवताखालून, साधारण दीड-दोन सेंटिमीटर खोलीवर, पाते आडवे सरकते आणि चौकोनी तुकडा सुटतो. मुळांचा मोठा भाग आणि बऱ्याचशा काशा नर्सरीच्या वाफ्यातच राहतात. टेम्पोतून आपल्याकडे येतात ती पाती, जमिनीलगतची धावती खोडे आणि मातीचा पापुद्रा. खाणारी तोंडे सगळी आली, कोठार मात्र मागेच. मग जाड कार्पेट घ्यावे, असे कुणालाही वाटेल. जाड तुकडा पहिले काही दिवस तग जास्त धरतो हे खरे, पण खालच्या जमिनीत मुळे सोडायला तोच जास्त वेळ लावतो. पातळ तुकड्याला मुळे सोडायला उशीर करणे परवडतच नाही.

तुकडे एकावर एक रचलेले असतात तेव्हाही गवत श्वास घेतच असते. साठवलेली साखर जळते, उष्णता बाहेर पडते आणि गठ्ठ्याच्या मधे तिला जायला वाट नसते. मी टेम्पोतल्या थप्पीत हात घातला तर आत ताज्या शेणखताच्या ढिगासारखी ऊब होती. तापमान चाळीस अंशांच्या पुढे गेले की गवत आतल्या आत शिजते. म्हणून सकाळी कापलेले कार्पेट त्याच दिवशी जमिनीवर पडले पाहिजे. उद्या बघू म्हणून गच्चीवर ठेवायची ही वस्तू नाही. जमीन आधी तयार ठेवायची आणि मगच टेम्पो बोलवायचा.

पोर्चकडच्या पिवळ्या भागाकडे येतो. घराचे काम चालू होते तेव्हा तिथे मुरूम दाबून बसवला होता. बागकाम करणाऱ्या माणसाने त्यावर चार इंच भरड वाळू पसरायला सांगितली. "साहेब, निचरा होतो." मलाही ते पटले, वाळूतून पाणी जाते हे कोणाला माहीत नाही? कुंपणाकडे मात्र जुनी बागेची माती होती. ती वीतभर खणून शेणखत मिसळले, दाताळ्याने सारखी केली आणि कार्पेट टाकले. वाळू पुरली नाही म्हणून तो भाग वाचला, असेच म्हणायचे.

बाराव्या दिवशी मी पिवळा तुकडा उचलला. तो अलगद सुटला, पापड उचलावा तसा. त्याची माती लगदा झालेली, आंबट वास मारणारी. आणि खालची वाळू बऱ्याच ठिकाणी कोरडी. वर चिखल आणि अर्ध्या इंचाखाली कोरड, हे डोळ्यांना पटेना.

याचे उत्तर धुण्याच्या दोरीवर आहे. ओले फडके दोरीवर टाकले की पाणी खाली उतरते, पण खालच्या काठाशी येऊन अडते. काठ सगळ्यात शेवटी वाळतो. कापडाच्या धाग्यांमधल्या बारीक फटींनी पाणी धरून ठेवलेले असते आणि खाली मोकळी हवा, ओढून घेणारे कोणी नाही. त्या काठाला दुसऱ्या कोरड्या फडक्याचे टोक लावा, पाणी लगेच त्यात झिरपते. बारीक मातीच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी असेच धरलेले असते. भरड वाळूतल्या पोकळ्या मोठ्या, त्यांची ओढ नगण्य. मातीच्या दृष्टीने खाली वाळू असणे म्हणजे जवळजवळ हवाच असणे. वरची माती पार तुडुंब झाल्याशिवाय पाणी खाली सरकत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात वॉल्टर गार्डनर यांनी १९५९ साली काचेआड मातीचे थर रचून नेमके हे चित्रित करून दाखवले होते: पाणी वाळूच्या थरापाशी येते, थांबते आणि आडवे पसरू लागते. कुंडीच्या तळाला खडे घातले की निचरा सुधारतो, ही समजूतही इथेच अडखळते.

तुडुंब मातीत मुळांना प्राणवायू मिळत नाही. हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. आणि कोरड्या वाळूत मूळ शिरायला तयार होत नाही. माझे गवत वर बुडत होते आणि खाली तहानलेले होते. उपाय सोपा पण घाम काढणारा: वाळू उपसली, मुरूम पहारीने फोडला, पोयटा आणि कुजलेले शेणखत एकत्र करून भरले. खालची माती आणि कार्पेटची माती जितकी एकमेकींसारखी तितके पाणी आणि मुळे सीमा न ओळखता खाली जातात.

अंथरण्याचे तंत्र पाहून गवंडी खूश होईल. विटांच्या थरात सांधामोड करतात तसेच तुकडे टाकायचे, उभे सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत. कडा एकमेकींना घट्ट भिडवायच्या, कारण वाळायला सुरुवात कडांपासून होते. मग रोलर फिरवायचा किंवा फळी ठेवून वरून चालायचे. हे सौंदर्यासाठी नाही. तुकड्याखाली पोकळी राहिली तर पेरातून निघालेले कोवळे मूळ हवेत येते आणि तिथेच सुकते. माझ्या वाचलेल्या बाजूलाही तळहाताएवढे दोन पिवळे डाग पडले होते; दोन्हींच्या खाली बोट जाईल एवढा खळगा निघाला.

पाण्याचा हिशेब करून पाहा. दोन सेंटिमीटर जाडीची चांगली माती झाडाला वापरता येईल असे पाणी धरते आपल्या घनफळाच्या साधारण १५ ते २० टक्के, म्हणजे तीन-चार मिलिमीटर. पुण्या-नगरकडे एप्रिलच्या कोरड्या दिवसात जमीन आणि पाने मिळून दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी सहज उडवतात. म्हणजे सकाळी भरलेली टाकी दुपारी रिकामी. म्हणूनच मुळे खाली जाईपर्यंत उन्हाळ्यात दिवसातून दोन-तीनदा थोडे थोडे पाणी लागते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. पाचशे चौरस फूट लॉन, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर, त्याला पाच मिलिमीटर द्यायचे तर २३० लिटर. नळी धरून "झाले असेल" म्हणण्यापेक्षा लॉनवर तीन-चार सपाट बुडाचे डबे ठेवावेत आणि त्यात किती साचले ते पट्टीने मोजावे. (आणि सोसायटी टँकरवर असेल तर हा आकडा अंथरण्याआधी काढावा. मला विचाराल तर दीडशे-दोनशे चौरस फूट हिरवळ बसायला पुरते. बाकी ठिकाणी झाडे लावा.) शिवाय मुहूर्त एप्रिलचा नकोच. घाटमाथ्याच्या पूर्वेला जूनअखेर किंवा जुलै बरा, कोकणात मुसळधार ओसरल्यावर. थंडीत हरळी अंग आखडून बसते, तेव्हा मुळांची घाई तिला नसते.

कुंपणाकडच्या बाजूचा कोपरा मी नवव्या दिवशी हलकेच उचलला. किंचित ओढ लागली. खाली शिवणाच्या दोऱ्याएवढी पांढरी मुळे लोंबत होती, प्रत्येकाच्या टोकाला मातीचे कण चिकटलेले. हे कण म्हणजे मूळकेसांची पकड. पंधराव्या-सोळाव्या दिवशी कोपरा उचलेचना. तिथून पाण्याची रीत उलटी करायची: रोजचे शिंपण बंद, दोन-तीन दिवसांआड पण भरपूर, बोटभर खोल जाईल असे. वरचा थर मधूनमधून वाळू द्यायचा. ओलावा खाली सरकला की मुळे त्याच्या मागे जातात. रोज वरच मिळत राहिला तर ती वरच आळसावतात. पाणी पहाटे किंवा सकाळी घालावे, रात्रभर भिजलेल्या पातीवर बुरशीचे फावते.

पहिली कापणी याच सुमारास, कोपरा उचलेनासा झाल्यावर. गवताचा वाढता कोंब शेंड्याला नसून जमिनीलगत असतो, म्हणून कापणे त्याला सोसते. पण किती कापायचे याला मर्यादा आहे. अमेरिकी कृषी खात्यातल्या फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ मध्ये प्रयोग छापले: पाल्याचा निम्मा किंवा अधिक भाग एकदम छाटला की मुळांची वाढ काही काळ थांबते, आणि ९० टक्के छाटला तर दोन आठवड्यांहून जास्त. चाळीस टक्क्यांपर्यंत मुळे थांबली नाहीत. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये हा नियम याच्याशी जुळतो. नव्या कार्पेटला तर मुळांचाच सगळा खेळ. युरियाची मूठही तोपर्यंत लांब ठेवावी. ती पानांना चढवते, मुळांना नाही.

बाकी शत्रू थोडक्यात. आंब्याच्या दाट सावलीत हरळी टिकत नाही, तिथे हट्ट करू नये. बाहेरून आणलेल्या मातीतून लव्हाळा येतो. त्याचे गड्डे साखळीने जोडलेले असतात, वरून उपटला की साखळी तुटते आणि झोपलेले गड्डे फुटतात, म्हणून कोवळा असतानाच गड्ड्यासकट काढावा. आणि पहिल्या वळवानंतर कडुनिंब-बाभळीवर भुंगेरे दिसले तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात लॉनवर लक्ष ठेवावे. त्यांची पिल्ले म्हणजे हुमणी, मुळे खाते. तेव्हा लॉन पुन्हा गालिच्यासारखे उचलले जाते, फक्त या वेळी खाली इंग्रजी 'सी'च्या आकाराच्या पांढऱ्या अळ्या असतात.

दुसऱ्यांदा लावलेली पोर्चकडची बाजू गणपतीपर्यंत भरून आली. आत्या पुन्हा आली होती. लॉनकडे तिने फारसे पाहिले नाही. ती गुलाबाच्या वाफ्यापाशी वाकली होती. पेव्हर ब्लॉकच्या फटीखालून एक काशी पलीकडे निघाली होती आणि वाफ्यात तिने तीन पेरांवर मुळे धरली होती. आत्याने हात पुढे केला आणि म्हणाली, "खुरपं आण."