द्रावण कमी ताकदीचे निघाले, की अनुमापन चुकले?
(आमचे ०.१ नॉर्मल ताकदीचे सोडिअम हायड्रॉक्साइड नेणाऱ्या ग्राहकांसाठी. अनुमापन म्हणजे माहीत ताकदीचे द्रावण थेंबाथेंबाने घालून नमुन्यातील आम्ल मोजणे.)

महाविद्यालये आणि दूध संकलन केंद्रे यांच्याकडून आमच्याकडे वारंवार येणारी तक्रार एकच असते: द्रावण कमी ताकदीचे आहे. चूक आमची असेल तर बाटली बदलून मिळेल. मात्र परत आलेल्या बऱ्याच बाटल्यांच्या तोंडाशी पांढरी खपली धरलेली असते, म्हणजे बूच नीट बसवलेले नव्हते.

प्रथम एकाच नमुन्याच्या तीन अनुमापनांची वाचने, म्हणजे दर वेळी किती द्रावण लागले ते, ताडून पाहावीत. १९.८, २०.३, २०.१ मिलि अशी ती विखुरलेली असतील, तर दोष बहुधा हाताळणीचा असतो. तिन्ही २०.६ येऊनही अपेक्षित वाचन २०.० असेल, तर दोष द्रावणात, काचसामानात किंवा दर्शकात (आम्ल संपल्याचे रंग बदलून दाखवणाऱ्या पदार्थात) शोधावा. वाचने जुळली म्हणजे ती बरोबरच, असे मानून अनेकजण येथेच फसतात.

उघड्या बाटलीतील सोडिअम हायड्रॉक्साइड हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते व त्याचे कार्बोनेट बनते. फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा रंग बदलतो तेव्हा हे कार्बोनेट फक्त बायकार्बोनेटपर्यंत पोहोचलेले असते, म्हणून द्रावण जास्त लागते. मिथिल ऑरेंज या दुसऱ्या दर्शकाने मात्र ते पूर्ण मोजले जाते. म्हणून हायड्रोक्लोरिक आम्लाचे अनुमापन दोन्ही दर्शकांनी करून पाहावे. एका थेंबाचा फरक सोडून द्यावा. फिनॉल्फ्थॅलिनचे वाचन त्याहून ठळकपणे जास्त आल्यास द्रावणात कार्बोनेट झाले आहे असे समजावे. दूध किंवा व्हिनेगर यांवर ही तपासणी करू नये, कारण सौम्य आम्लांसाठी मिथिल ऑरेंज चालत नाही.

ब्युरेट (द्रावण मोजून सोडण्याची खुणा असलेली तोटीची नळी) केवळ पाण्याने धुऊन भरल्यास आतले पाणी द्रावण पातळ करते, म्हणून ती थोड्या द्रावणाने खळखळून घ्यावी. ज्यात आम्ल घेतात ते शंकुपात्र मात्र आम्लाने कधीही खळखळू नये. तोटीखाली अडकलेला बुडबुडा अनुमापन चालू असताना निघून गेला, तर त्याच्या जागी भरलेले द्रावणही वाचनात धरले जाते. ब्युरेटवर फनेल तशीच ठेवू नये. तिच्यातून मागाहून थेंब पडतो.

दुधाच्या बाबतीत हा एक थेंब फार महाग पडतो. १० मिलि दुधाची आम्लता ०.१३५ टक्के असेल, तर आमचे द्रावण केवळ १.५ मिलि लागते. ब्युरेटचा थेंब साधारण ०.०५ मिलि, म्हणजे २० मिलिच्या वाचनात पाव टक्का, पण येथे तीन टक्क्यांहून अधिक. अशा कामाला ५० मिलिची ब्युरेट वापरू नये, १० मिलिची घ्यावी. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबावे. तो नंतर उडाला तरी आणखी थेंब घालू नये.

शंका उरल्यास ०.५१ ग्रॅम वाळवलेले पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट (द्रावणाची ताकद तपासण्यासाठी वापरतात ते घन आम्ल) पाण्यात विरघळवून फिनॉल्फ्थॅलिनने अनुमापन करावे. साधारण २५ मिलि द्रावण लागले पाहिजे. नव्याने उघडलेल्या बाटलीचे वाचन यापासून दूर असेल, तर बॅच क्रमांक आणि तिन्ही वाचने लिहून बाटली आमच्याकडे पाठवावी.