नेपाळचा भूकंप आणि दोन पदरी भिंत

नेपाळात शाळांची सुट्टी शनिवारी असते. २५ एप्रिल २०१५ ला, शनिवारीच, ११ वाजून ५६ मिनिटांनी गोरखा जिल्ह्यात बारपाकजवळ ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. हजारो वर्गखोल्या पडल्या, पण रिकाम्या. डोंगरातली बरीच माणसं शेतात होती. तरी जवळपास ९,००० जीव गेले आणि सुमारे ५ लाख घरं भुईसपाट झाली. नुकसानीचा अंदाज ७ अब्ज डॉलर, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा.

काठमांडूचं नशीब वेगळं ठरलं. हे खोरं म्हणजे एका जुन्या तलावाचा गाळ. त्या दिवशी तो ४-५ सेकंदांना एक असे संथ हेलकावे देत राहिला. एक-दोन मजली घर सेकंदाला तीन-चारदा थरथरतं, त्यामुळे संथ हेलकाव्याशी त्याचा ताल जुळत नाही. अंदाजापेक्षा कितीतरी जास्त घरं उभी राहिली. उंच धरहरा मनोरा मात्र कोसळला.

खरा संहार झाला तो डोंगरातल्या दगडी घरांत. ही भिंत ४५ ते ६० सेंटिमीटर जाड असते, म्हणून भक्कम वाटते. प्रत्यक्षात त्या दोन भिंती असतात: बाहेरचा पदर, आतला पदर आणि मधे चिखलात कोंबलेल्या दगडांच्या बारीक कपऱ्या. हादरे बसले की कपऱ्या खाली बसतात आणि पाचरीसारख्या दोन्ही पदरांना बाहेर ढकलतात. भिंतीचं पोट फुगतं, बाहेरचा पदर ढासळतो, मग तुळयांचा आधार सुटून मजला खाली येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत हेच घडलं होतं. वरून माळवदाच्या मातीचं ओझं होतं, एवढाच फरक.

उपाय महाग नाही, किचकट आहे. भिंतीची पूर्ण जाडी व्यापणारा एक आरपार दगड दर ६० सेंटिमीटर उंचीला आणि आडवा दर १.२ मीटरला बसवायचा. एवढा लांब दगड मिळत नसेल तर सळईचा इंग्रजी एसच्या आकाराचा आकडा काँक्रीटमध्ये गाडायचा. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सलग पट्टा बांधायचा. काँक्रीटचा असेल तर साडेसात सेंटिमीटर जाडी, दोन सळया आणि दर १५ सेंटिमीटरला ६ मिलिमीटरची रिंग. पट्टा फसतो तो कोपऱ्यात. गवंडी सळई तिथेच तोडतो, दुसऱ्या भिंतीत वळवून पुढे नेत नाही, आणि पहिल्या हिसक्याला कोपरा उघडतो. आढ्याखालचा दगडी त्रिकोण तर बांधूच नये. सर्वात आधी तोच पडतो. तिथे लाकूड किंवा पत्रा बरा.

पण सिमेंटचं पोतं वर न्यायचं कसं? भूकंपाने डोंगरउतारांवर हजारो दरडी कोसळल्या. लांगटांग गाव तर बर्फ आणि दगडांच्या लोंढ्याखाली गाडलं गेलं. १२ मेला ७.३ चा दुसरा धक्का बसला आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला. भेगाळलेले उतार पाणी मुरलं की सुटतात, म्हणून अशा मुलखात दरडी पुढची कित्येक वर्षं पडत राहतात. मोठी विमानं उतरू शकतील असा आंतरराष्ट्रीय विमानतळ तेव्हा एकच होता. धावपट्टी खराब होऊ लागल्यावर तिथे १९६ टनांपेक्षा जड विमानांना बंदी घालावी लागली. सप्टेंबरपासून भारताच्या सीमेवरची वाहतूक काही महिने अडली, तेव्हा इंधनाचाही दुष्काळ पडला. जिथे मोटार पोचत नाही तिथे पोतं खेचराच्या किंवा माणसाच्या पाठीवरून जातं आणि भाडं मालाच्या किमतीशी स्पर्धा करतं.

सरकारने घरामागे ३ लाख नेपाळी रुपयांचं अनुदान दिलं, तीन हप्त्यांत: करारावर ५० हजार, जोतं झाल्यावर दीड लाख, भिंती झाल्यावर १ लाख. दर टप्प्याला अभियंत्याची तपासणी. यामुळे बांधकाम सुधारलं, हे मान्य करायलाच हवं. मात्र पहिल्या हप्त्यात जोतं होत नाही, म्हणून अनेकांनी कर्ज काढलं. कित्येकांनी तपासणीपुरती एक-दोन खोल्यांची घरं बांधली. धान्य आणि जनावरं तिथे मावेनात, तेव्हा मागे जुन्याच पद्धतीचा गोठा उभा राहिला.

पश्चिम नेपाळला यातलं फारसं काही पोचलं नाही. ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री पावणेबाराच्या सुमारास जाजरकोटला धक्का बसला. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणानुसार तीव्रता फक्त ५.७. माणसं घरात झोपलेली होती. दीडशेच्या वर गेली. भिंती त्याच, चिखलातल्या.

असं घर न पाडताही भिंतीचे पदर शिवता येतात. दगड हाताने हलवून काढत आरपार भोक करायचं, दोन्ही तोंडांशी रुंद, मधे अरुंद. त्यात आकडा घालून काँक्रीट भरायचं आणि दहा दिवस पाणी मारायचं. १९९३ नंतर मराठवाड्यात घरं बळकट करताना ही पद्धत वापरली गेली. घण मात्र लावायचा नाही. ठोके बसले की आजूबाजूचा चिखल सुटतो आणि भिंत आधीपेक्षा कमजोर होते.