गोचीड ताप : एकाच नावाखाली किती रोग?

२०१८च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरमध्ये २३ सिंह दगावले, बहुतेक धारीकडच्या दलखाणिया रेंजमध्ये. धारी म्हणजे जुन्या बडोदा संस्थानचा अमरेली प्रांत, तेव्हा बडोद्यातल्या मराठी घरांना ती बातमी परमुलखातली वाटली नाही. इथल्या दांडिया बाजारात निकाल लागला, ‘गोचीड ताप’. तपासणीत मात्र कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू सापडला. गोचिडातून आलेला बबेसियाही होता, पण तो जिवाणू नव्हे, रक्तातला एकपेशीय परजीवी.

ही गल्लत जुनीच. गोचिडातून रोग जातो हे पहिल्यांदा सिद्ध झालं तेही बबेसियावरच. १८९३ साली थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी ते मांडलं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतली धडधाकट दिसणारी गुरं उत्तरेत नेली की तिथली गुरं मरत. या दोघांनी पाहुण्या गुरांवरचे गोचीड चक्क हाताने वेचून काढले, आणि शेजारची गुरं वाचली. गुराखी हे आधीपासून सांगत होते. ऐकलं कुणी नव्हतं.

१९०६ला एका जिवाणूची पाळी आली. अमेरिकेतल्याच मोंटाना राज्याच्या बिटररूट खोऱ्यातला पुरळाचा ताप गोचीड पसरवतो हे हॉवर्ड रिकेट्स यांनी दाखवलं. हा जिवाणू मादीच्या अंड्यांतूनही पुढच्या पिढीत उतरतो, म्हणजे गोचीड नुसता हमाल नाही, घरमालकही आहे. रिकेट्स १९१०मध्ये मेक्सिकोत टायफसने गेले. तो ताप उवांचा. जिवाणूंना नाव मात्र त्यांचंच, रिकेट्सिया.

त्याच खोऱ्यातल्या प्रयोगशाळेत १९८१ला विली बर्गडॉर्फर रिकेट्सिया शोधायला गोचीड चिरत होते, तर आतड्यात दिसले मळसूत्री जिवाणू. हाच लाइम रोगाचा बोरेलिया. याची रीत उलटी. पिल्लू अंड्यातून कोरंच निघतं आणि रानउंदराचं रक्त पिताना जिवाणू उचलतं. हरीण मोठ्या गोचिडांना पोसतं, जिवाणू देत नाही. बदनामी तरी त्याचीच जास्त.

आपल्या गल्लीतला जिवाणू वेगळा : एर्लिकिया, १९३५मध्ये अल्जीरियातल्या कुत्र्यांत प्रथम सापडलेला. कोल्ह्यांनाही होतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या ओट्यावरच्या काळूच्या कानामागून चिमट्याने एरंडाच्या बीएवढा टपोरा गोचीड निघाला. आठवड्याने प्लेटलेट घसरल्या, रिपोर्टवर एर्लिकिया. चार आठवडे डॉक्सीसायक्लिन, रोज पेढ्यात लपवून. शेजारच्या काकू अजून विचारतात, “काळूचा गोचीड ताप उतरला का रे?”